काटा जागा होण्याच्या आधी

मानवतच्या बाहेर, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगसमोर चहाची टपरी आहे. तिच्या खांबाला माझं एक पत्रक अजून चिकटलेलं आहे. उन्हानं पिवळं पडलंय, एक कोपरा कुणीतरी तंबाखूची पुडी बांधायला फाडून नेलाय, पण मथळा शाबूत आहे: ‘काटा कोण बंद पाडतंय? जनता ओळखून आहे!’ खळ मीच शिजवली होती. मैदा, पाणी, चिमूटभर मोरचूद. इतक्या इमानानं शिजवलेली खळ नखानं खरवडूनही निघत नाही. जनता काही ओळखून नव्हती. मी तर मुळीच नव्हतो.

ज्या कार्यकर्त्याच्या हाताखाली मी पत्रक लिहायला शिकलो, तो सांगायचा, पहिल्या ओळीत गचांडी धर, दुसऱ्या ओळीत हलव, तिसऱ्या ओळीत मागणी ठेव. वाचणारा एसटीच्या फलाटावर उभा आहे. गाडी लागायच्या आत त्याला संताप आला पाहिजे. मला हे लवकर जमलं. संताप यायला मला कधी कष्ट पडले नाहीत. पाण्याच्या टाकीवर लिहिलं, थांब्यावर न थांबणाऱ्या गाड्यांवर लिहिलं, दवाखान्याच्या कुलपावर लिहिलं. ते सगळं खरं होतं म्हणून मला वाटायला लागलं, मी लिहितो ते खरंच असतं.

हे संध्याकाळचं. दिवसा मी पुण्याच्या एका छोट्या कंपनीचं काम मानवतच्या भाड्याच्या खोलीत बसून करायचो. परभणीत इंजिनिअरिंग झालं होतं. माझं काम ड्रायव्हर लिहायचं. गाडीचा नव्हे, कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेलं यंत्र यांच्यात बोलणं घडवून आणणारा जो प्रोग्रॅम असतो, तो. वर्षभरापूर्वी मी वजनाच्या यंत्रासाठी असा एक ड्रायव्हर लिहून दिला. तो कुठं कुठं बसवला हे कंपनीनं कळवलं नाही. मीही विचारलं नाही. ‘जबाबदार कोण?’ असं गावभर विचारत हिंडणाऱ्या मी माझ्या हातचं काम कुठं गेलं एवढं विचारलं नाही!

आता काट्याचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

जिनिंगच्या फाटकातून आत गेलं की डाव्या हाताला जमिनीत बसवलेला लोखंडी काटा आहे. कापसानं भरलेला ट्रॅक्टर ट्रॉलीसकट त्यावर चढतो आणि शेजारच्या खोलीतल्या पडद्यावर वजन उठतं. हंगामात रांगेवरून भांडणं फार. कुणी मधी गाडी घातली, कुणी कुणाच्या टायरची हवा सोडली. शेवटी लोकांनीच एक रीत पाडली. संध्याकाळी काटा बंद झाला की रांगेतला पहिला ट्रॅक्टर थेट काट्यावर चढवून ठेवायचा. ज्याची चाकं काट्यावर, त्याचा सकाळचा पहिला नंबर. त्याच्यावर वाद नाही. मग त्या घरची माणसं ट्रॉलीतल्या कापसावरच गोधड्या टाकून झोपतात. कापसात ऊब असते. सकाळी खोलीच्या शटरचा आवाज आला की सगळे उठतात, अंगाला चिकटलेला कापूस झटकतात, एकेक करून खाली उड्या मारतात आणि नळावर तोंड धुवायला जातात. ही रीत कुठल्या नियमावलीत लिहिलेली नाही. पण मानवतपासून पार झरीपर्यंत कापूस लावणाऱ्या कुणालाही विचारा, तो सांगेल.

खोलीत अक्का बसायच्या. वय पस्तिशीचं. घर मेंढरंवाल्यांचं, नवरा आणि सासरा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन रानोरान. अक्का मागं राहिल्या, बारावी झाल्या, कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि काट्याच्या खुर्चीवर बसल्या. त्या घरात खुर्चीवर बसून काम करणारं पहिलं माणूस. कळपातलं एक कोकरू कमी झालं तरी नुसत्या नजरेनं ओळखायची सवय, त्यामुळे बाहेर पन्नास गाड्या लागल्या तरी कुठली कुणाच्या मागं हे त्यांना कागदाशिवाय पाठ.

यंदा मालकानं नवा कॉम्प्युटर आणला आणि त्रास सुरू झाला. काही सकाळी फाटकाजवळचा हा पुढचा काटा चालूच व्हायचा नाही. अक्का बटण दाबायच्या, पडदा काळा व्हायचा, त्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांच्या ओळीच्या ओळी यायच्या आणि सगळं ठप्प. मग पुन्हा चालू, पुन्हा बंद. कधी तिसऱ्या वेळेला जमायचं, कधी दुपार व्हायची. बाहेर रांग ताटकळलेली. आणि त्याच वेळी व्यापाऱ्यांच्या ट्रकांसाठी असलेला मागचा काटा बिनबोभाट चालू! शेतकऱ्याचा काटा मेलेला, व्यापाऱ्याचा जिवंत. पत्रक लिहिणाऱ्याला आणखी काय पाहिजे?

मी टपरीवर दोन कप चहा पिईपर्यंत दहा माणसांचं ऐकलं. “मुद्दाम करायलेत.” “मागून सोडायलेत गाड्या.” “बाई लय हुशार हाय ती.” तिथून खोलीत अक्का दिसत होत्या. पंचवीस पावलांवर. मी त्या पंचवीस पावलांवर गेलो नाही. खोलीवर आलो आणि तासाभरात पत्रक लिहिलं. नाव घातलं नाही, मी काही कच्चा नव्हतो. ‘खुर्चीवर बसलेली ती कुणाच्या इशाऱ्यावर काटा बंद पाडते?’ एवढंच लिहिलं. त्या जिनिंगमध्ये खुर्चीवर बसणारी ‘ती’ एकच होती.

पत्रक वाटल्यावर दोन दिवसांत मॅनेजरनं अक्कांना घरी बसवलं. सोमवारी सकाळी सगळ्यांसमोर चौकशी, तोवर काट्यावर यायचं नाही. सोमवारी खुलासा देता आला नाही तर खुर्ची दुसऱ्याची. मी त्या दिवशी खूश होतो. लिहायला लाज वाटते, पण खूश होतो. पत्रक लागू पडलं!

गुरुवारी दुपारी दारात सावली पडली. अक्का. पदर खोचलेला, हातात मोबाईल.

“तुमीच ना पत्रकवाले?”

“हो. या ना अक्का, बसा.” मी खुर्ची पुढं केली.

“बसायला न्हाई आले. माझी खुर्ची तुमी काढली, आता तुमची नका देऊ.”

मी म्हणालो, “अक्का, आरोप माझा नाही. लोक म्हणत होते. मी फक्त...”

“लोकं तर असं बी म्हनायलेत की मी मंतर मारते काट्यावर. ते का न्हाई छापलं? जागा पुरली न्हाई का?”

त्यांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. “ज्या ज्या दिवशी बंद पडला त्या त्या दिवशी मी फोटू काढून ठेवलाय. सबूत म्हनून. मला एवढं इंग्रजी येत न्हाई. मॅनेजर बघायला तयार न्हाई. तुमी शिकलेले हाव, लोकांचे कैवारी हाव. वाचा.”

मी फोटो मोठा करून वाचायला लागलो. कॉम्प्युटर मरताना कुठल्या ओळीवर पाय घसरला ते सांगून मरतो. कुठलं काम चालू होतं, त्याला कुणी बोलावलं, त्याला कुणी. वरून चौथ्या ओळीत इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं एक मराठी नाव होतं: वजन_हाक_ऐक.

जगात असं नाव एकाच माणसानं ठेवलेलं आहे. वर्षभरापूर्वी, याच खोलीत बसून. पुण्याची मंडळी हसतील म्हणून मुद्दाम ठेवलं होतं.

“काय लिहिलंय?” अक्का म्हणाल्या. “तुमचं तोंड का असं झालं?”

“हे मी लिहिलंय, अक्का.”

“पत्रक तुमी लिहिलंय, ते ठाऊक हाय मला.”

“पत्रक नाही. हे. काटा ज्याच्यामुळं बंद पडतो ते.”

त्या एकदम शांतपणे म्हणाल्या, “म्हंजी काटा बी तुमीच पाडला अन बोंब बी तुमीच मारली. मंग मी काय केलं यात?”

आजवर मी शेकड्यानं प्रश्न छापलेत. इतका नेमका एकही नाही.

मी त्यांना समजावून सांगितलं, तसंच इथं सांगतो. काट्याची तार थेट अक्कांच्या कॉम्प्युटरला जात नाही. मागच्या खोलीत एक मोठा कॉम्प्युटर आहे, तो दिवसरात्र चालू असतो. त्याच्या पोटात दोन मानलेले, म्हणजे व्हर्च्युअल, कॉम्प्युटर चालतात, एक पुढच्या काट्याचा, एक मागच्याचा. त्या मानलेल्या कॉम्प्युटरला दिसणारं वजनाचं यंत्रही मानलेलंच. लोखंडाचं नाही, प्रोग्रॅमनं उभं केलेलं. अक्का सकाळी बटण दाबतात तेव्हा फक्त त्यांचा मानलेला कॉम्प्युटर उठतो आणि माझा ड्रायव्हर यंत्राशी बोलणी सुरू करतो.

वजन बदललं की यंत्र हाक मारतं: हातातलं ठेव, माझ्याकडे बघ. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. हाक आली की कॉम्प्युटर चालू काम जागच्या जागी सोडतो आणि हाक ऐकणाऱ्याकडे धावतो. तो ऐकणारा म्हणजे माझं वजन_हाक_ऐक. त्यानं काय करायचं? आलेलं वजन उचलून ठरलेल्या जागेत ठेवायचं.

आणि मी काय करून ठेवलं होतं? आधी हाक ऐकणारा दारात उभा केला. मग काटा शून्यावर स्थिर व्हावा म्हणून दोन सेकंद थांबलो. आणि त्यानंतर वजन ठेवायची जागा तयार केली! म्हणजे दोन सेकंद दारात माणूस उभा आहे आणि घरात भांडंच नाही. त्या दोन सेकंदांत कुणी दूध घेऊन आलं तर तो ओतणार कुठं? जमिनीवर. कॉम्प्युटरच्या जगात, नसलेल्या जागेत वजन ठेवायला जाणं म्हणजे मरण.

“पन दोन शेकंदात कोन मरायला येतंय हाक मारायला?” अक्कांनी विचारलं.

पुण्यात कुणीच येत नव्हतं. तिथं चाचणी घेतली ती रिकाम्या काट्यावर. रिकामा काटा गप्प असतो. मी तोच विचार करत होतो की इथं सकाळी सकाळी वजन बदलतंच कसं, तेवढ्यात अक्काच बोलल्या.

“एक सांगू का? एकटा मानूस झोपलेला असला की काटा सहसा नीट उठतो. सगळं खटलं झोपलेलं असलं की पडतो. पिंगळीचे पाच जन होते, पडला. झरीचे सहा होते त्या दिवशी दोनदा पडला. मी शटर उघडते, बटन दाबते, अन ह्ये धडाधडा उड्या मारायलेत खाली.”

मी कपाळ बडवून घेतलं. खरंच, हातानं. एकेक उडी म्हणजे वजनात बदल, एकेक बदल म्हणजे एक हाक, आणि सगळ्या हाका माझ्या त्या दोन सेकंदांत. पुन्हा बटण दाबेपर्यंत कुणीतरी गोधड्या काढायला परत वर चढलेलं, म्हणून पुन्हा तेच. मागच्या काट्यावर कुणी झोपत नाही म्हणून तो जिवंत. एवढंच! ना कट, ना इशारा, ना हुशार बाई. महिनाभर ही गोष्ट एका माणसाच्या डोक्यात तारीखवार, गाववार पाठ होती, आणि त्या माणसाला सोडून मी बाकी सगळ्यांना विचारलं होतं.

“हे आधी का नाही सांगितलं कुणाला?” मी विचारलं. मूर्खासारखं.

“कुनी इचारलं?”

मी त्यांच्यासमोरच पुण्याच्या साहेबाला फोन लावला, स्पीकर चालू करून. त्याला सगळं सांगितलं.

“झोपतात? काट्यावर?” साहेब हसायला लागला. “अरे का पण? काटा काय झोपायची जागा आहे?”

“रीत आहे सर. रांगेचा नंबर लावायची.”

“मग सांग ना त्यांना, चालू करताना काटा रिकामा ठेवा. आपल्या पुस्तिकेत स्वच्छ लिहिलंय. ही एज केस आहे रे. एवढ्यासाठी आत्ता कोड उघडायचा नाही. हंगाम जाऊ दे.”

“सर, एका बाईंची नोकरी जाते आहे सोमवारी.”

“ते साइटचं अंतर्गत आहे. आणि हे बघ, चूक आपली आहे असं तिथं काही बोलू नकोस. लेखी तर अजिबात नको.”

एज केस. म्हणजे कडेचं, क्वचित घडणारं, सोडून दिलं तरी चालेल असं. माझ्या जिल्ह्यातली रोजची सकाळ त्याच्या लेखी कडेची! मी आवाज चढवला, तेव्हा तो म्हणाला, बरं, तात्पुरतं काहीतरी पाठवतो. फोन बंद झाल्यावर अक्का म्हणाल्या, “ह्या सायबावर काढा की पत्रक. का त्यो लांब हाय म्हनून?”

त्या गेल्या. मी पुढं केलेली खुर्ची परत टेबलाशी ओढली.

साहेबानं पाठवलेलं तात्पुरतं शुक्रवारी बसवलं गेलं. त्यात एकच ओळ वाढवलेली: जागा तयार नसेल तर हाक ऐकणाऱ्यानं काही न करता परत फिरावं. वाचताच माझा तिळपापड झाला. अरे, यंत्राला पोच कोण देणार? हाक पोचल्याची पोच मिळेपर्यंत यंत्र हाक मारतच राहतं. ऐकणारा येतो, बघतो, पाठ फिरवतो. यंत्र पुन्हा ओरडतं. तो पुन्हा येतो, पुन्हा पाठ फिरवतो. सेकंदाला हजारो वेळा. शेवटी कॉम्प्युटर वैतागतो आणि त्या तारेवरच्या हाका ऐकणंच बंद करतो.

शनिवारी सकाळी अगदी हेच झालं. मी जाऊन उभाच होतो. अक्कांच्या खुर्चीवर मॅनेजरचा माणूस बसलेला. काट्यावरून चौघं खाली उतरले, पडद्यावर एक ओळ आली आणि त्यानंतर दिवसभर काट्यानं शब्द काढला नाही. पडदा काळा झाला नाही, हे आणखी वाईट. चालू दिसतोय आणि मेलेला. ती ओळ इंग्रजीत असते. तिचा अर्थ होतो, ‘या हाकेची कुणीच पर्वा केली नाही.’ मी बनवून सांगत नाही, कॉम्प्युटरच्या पोटात हे वाक्य खरोखर लिहून ठेवलेलं आहे. मी तिथं उभ्या उभ्या मॅनेजरला ते मराठीत वाचून दाखवलं.

मॅनेजर म्हणाला, “बाईनं जाताना कायतरी करून ठेवलं असंल.”

“अहो, त्या तीन दिवस झाले इथं नाहीत! तुमचा माणूस बसलाय खुर्चीवर, तरी काटा पडला. आता तरी...”

“तुमीच लिहिलं ना पत्रकात? मी तुमचंच खरं धरलं.”

माझाच कागद त्यानं माझ्या तोंडावर मारला. त्याला राग नव्हता, तिरस्कारही नव्हता. त्याच्या सोयीचं काहीतरी छापील मिळालं होतं आणि ते तो सोडणार नव्हता. छापील अक्षराची ताकद मी आजवर एकाच बाजूनं पाहिली होती.

रविवारभर मी ड्रायव्हर पुन्हा लिहिला. कुणी सांगितलं म्हणून नाही. क्रम असा लावला: सगळ्यात आधी यंत्राला गप्प करायचं आणि अगदी पहिल्या दिवसासारखं कोरं करायचं. हे मी आधी केलंच नव्हतं. मी धरून चाललो होतो की कॉम्प्युटर नव्यानं उठला म्हणजे यंत्रही नव्यानं जन्मलं. पण मानलेलं यंत्र मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात रात्रभर जागंच असतं. अक्कांनी आदल्या संध्याकाळी बटण बंद केलं याचा त्याला पत्ताही नसतो. यंत्र गप्प झालं की वजन ठेवायची जागा तयार करायची. काटा स्थिर व्हायला थांबायचं ते तेव्हाच, हाका बंद असताना. मग राहिलेल्या शिळ्या हाका पुसायच्या. मग ऐकणारा दारात उभा करायचा, आणि त्याला शिकवायचं की कुठलीही हाक आली तर आधी पोच द्यायची. आणि अगदी शेवटी यंत्राला सांगायचं, आता मार हाक. त्यानंतर एकदा स्वतः जाऊन वजन वाचायचं, म्हणजे मधल्या काळात घडलेलं काही निसटत नाही. बंद करताना उलटं: आधी यंत्र गप्प, मग ऐकणाऱ्याच्या हातातलं काम पुरं होईपर्यंत थांबायचं, मगच भांडी उचलायची.

एवढंच. वीसेक ओळी इकडच्या तिकडं. नवं ज्ञान शून्य. कॉलेजात पहिल्याच धड्यात होतं, परीक्षेत मी लिहूनही आलो होतो.

संध्याकाळी पत्रकही लिहिलं. दुसरं. मथळा तोच ठेवला, ‘काटा कोण बंद पाडतंय?’ आणि खाली पहिलीच ओळ: ‘मी.’ त्याखाली माझं नाव, काय चुकलं ते, कोणी दडपायला सांगितलं ते, आणि एकच मागणी: अक्कांना त्यांची खुर्ची सन्मानानं परत. पहिल्या ओळीत गचांडी धर, असं शिकवलं होतं. धरली.

सोमवारी सकाळी काट्यावर झरीचा ट्रॅक्टर होता. ट्रॉलीत सहा माणसं, त्यात एक म्हातारी. मी फाटकात उभा राहून पत्रकं वाटली. बाहेरच्या रांगेतली माणसं आत आली. मॅनेजर आला, त्यानं वाचलं, घडी घालून खिशात टाकलं.

“हे ठीक हाय,” तो म्हणाला. “पन चौकशी बाईची हाय. सबूत काय?”

अक्का गर्दीतून पुढं आल्या. “सबूत काट्यावर झोपलाय. उठवू का?”

लोक हसले. अक्का खोलीत गेल्या आणि सरळ खुर्चीवर बसल्या. मॅनेजरचा माणूस उठून उभा राहिला, त्याला कुणी उठ म्हटलं नव्हतं.

“आदुगर जुनं लावा,” अक्का मला म्हणाल्या. “ज्यानं माझी इज्जत गेली ते. लोकांना बघू द्या.”

मी माझा पहिला, चुकलेला ड्रायव्हर परत बसवला. त्यांनी खिडकीतून ट्रॉलीकडे हात केला. “उतरा!” आणि बटण दाबलं. सहा जणांनी धपाधप उड्या मारल्या. पडदा काळा. पांढऱ्या ओळी. बाहेर एकदम गलका झाला.

“आता रिकाम्या काट्यावर बघा,” मी म्हणालो. ट्रॅक्टर मागं घेतला. काटा शांतपणे उठला. दोनदा, तीनदा. पुन्हा ट्रॅक्टर चढवला, पुन्हा माणसं, पुन्हा उड्या; पुन्हा मेला. टपरीवर ज्यांचं मी ऐकलं होतं त्यातले दोघंतिघं पायाकडे बघत होते. बघू द्या. त्यांच्यापेक्षा माझी मान खाली होती.

मग नवा बसवला. अक्का म्हणाल्या, “तुमी इथं काय उभे? जावा, चढा वर. तुमच्या हातचं हाय, तुमीच उड्या मारा.”

मी ट्रॉलीवर चढलो. म्हातारीनं जागा दिली. “तूच का रे त्यो कागदवाला?” तिनं विचारलं. “वजन हाय का काई तुझ्यात? का नुसताच आवाज?”

“आता!” खिडकीतून हाक आली. आम्ही सातही जण उतरलो. पडद्यावर आकडा आला.

“चढा.”

चढलो.

“उतरा.”

उतरलो. आकडा आला. आणखी एकदा. आणखी एकदा. त्यांनी मला किती वेळा चढवलं-उतरवलं ते मी मोजलं नाही. चौथ्या वेळेनंतर बाकीचे खाली बसले, मी एकटाच उड्या मारत होतो. केसात, तोंडात कापूस. रांगेतली माणसं आता मोकळेपणी हसत होती. काटा एकदाही पडला नाही.

मॅनेजर म्हणाला, “बरं, करा सुरू काम.” बस. माफीचा एक शब्द नाही, चुकलं नाही, काही नाही. जणू पाऊस येऊन गेला. मला अजून त्याचा राग आहे. पुण्याहून दुपारी मेल आला की साइटवर जाहीर कबुली दिल्यामुळे यापुढं माझ्या कामाची गरज नाही. त्याचाही राग आहे. पण या रागांना मी आता जरा थांबवतो, कागद पुढं ओढायच्या आधी. आधी पंचवीस पावलं चालतो. मवाळ झालो म्हणून नाही. राग अर्ध्या तयारीवर मोकळा सोडला की तो कुणाच्या अंगावर जातो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

दोन्ही पत्रकं टपरीच्या खांबाला शेजारी शेजारी आहेत. जुनं खरवडायला गेलो तेव्हा अक्का खिडकीतून ओरडल्या होत्या, “राहू द्या ते! दोन्ही वाचू द्या.”

पण ते नंतर. त्या सकाळी मॅनेजर पाठ फिरवून गेला आणि अक्कांनी खुर्ची पुढं ओढली. पदर सारखा केला. झरीचा ट्रॅक्टरवाला खिडकीशी आला. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग बाहेर माझ्याकडे. मी अजून काट्यावरच उभा होतो, धापा टाकत.

“ओ पत्रकवाले,” त्या म्हणाल्या. “खाली उतरा. तुमचं वजन ह्येच्या कापसात धरायचं न्हाई.”

मी उतरलो. आकडा हलला, थांबला. अक्कांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला आणि पुढच्या गाडीला हाक मारली.